त्रेसष्ट वर्षांची आई

बर्लिनच्या संग्रहालयातील मुद्राचित्रे व रेखाचित्रे यांच्या विभागात एका वृद्धेचे चित्र जपून ठेवलेले आहे. कागद सुमारे ४२ सेंटिमीटर उंच आणि ३० सेंटिमीटर रुंद. साधन म्हणजे नुसता कोळसा. डोक्यावरून ओढून घेतलेले जाड वस्त्र, कपाळावर आडव्या वळ्या, वर आलेली गालांची हाडे, घट्ट मिटलेले ओठ आणि मानेच्या ताणलेल्या शिरा. दोन्ही डोळे एकाच ठिकाणी पाहत नाहीत, त्यांतील एक किंचित भलतीकडे वळलेला आहे. या कागदावर चित्रकाराने दोन वेळा लिहिले आहे. पहिली नोंद कोळशाचीच. साल १५१४, प्रायश्चित्तकाळाचा तिसरा रविवार, आणि ही आल्ब्रेख्त ड्यूररची आई, वय वर्षे ६३, एवढाच तिचा आशय. दुसरी नोंद शाईने, मागाहून केलेली आहे. त्याच वर्षी स्वर्गारोहणाच्या आधीच्या प्रार्थना-सप्ताहापूर्वीच्या मंगळवारी, रात्र पडण्यापूर्वी दोन तास, ती निवर्तली असे ती सांगते. त्या वर्षी ईस्टर १६ एप्रिलला होता. म्हणजे पहिली तारीख १९ मार्च आणि दुसरी १६ मे. दोन नोंदींमध्ये अठ्ठावन्न दिवसांचे अंतर आहे.

प्रस्तुत लेखकाने हे चित्र पाहिले ते पुस्तकांच्या छपाईतूनच. कागदावरच्या अशा कामांना उजेड सोसत नाही, त्यामुळे ती सदैव भिंतीवर मांडलेली नसतात. परंतु छपाईतूनसुद्धा ते चित्र माणसाला स्वस्थ बसू देत नाही. काही वर्षांपूर्वी आमच्या धर्मग्रामातील वाचक-मंडळात मी ते दाखविले, तेव्हा मागच्या बाकावरच्या एका वयस्क बाईंनी विचारले, "स्वतःच्या आईला असं काढताना त्या मुलाचा हात कसा चालला?" सभेत थोडे हसू पिकले. मी काहीतरी उत्तर दिले. ते काय होते ते आता आठवत नाही, आणि ते आठवण्याच्या लायकीचे नसावे. प्रश्न मात्र मनात राहिला. चित्रातील वास्तवता हा केवळ हातोटीचा विषय आहे, की ज्याचे चित्र काढायचे त्याच्याशी असलेल्या नात्याचाही? आणि नाते जर आईचे असेल, तर खरे काढणे हा आदर की अनादर? ड्यूररने निरनिराळ्या वयांची जी माणसे रेखाटली त्यांच्या साहाय्याने या प्रश्नाकडे पाहण्याचा हा प्रयत्न आहे.

आधी थोडे हातोटीविषयी. आपल्याकडे शाळेतून एलिमेंटरी आणि इंटरमीजिएटच्या परीक्षांना बसलेल्या मुलांना लहान बाळ काढायला सांगा. दहातील आठ जण एक लहान आकाराचा प्रौढ माणूस काढतील. याचे कारण असे की आपण चेहरा पाहत नाही, चेहऱ्याविषयी आपल्याला जे ठाऊक असते ते काढतो. नवजात बालकाचे डोके त्याच्या एकूण उंचीच्या जवळजवळ एक चतुर्थांश असते. प्रौढाचे एक सप्तमांश किंवा त्याहूनही थोडे कमी. प्रौढाचे डोळे डोक्याच्या उंचीच्या साधारण मध्यावर असतात, तर बाळाचे त्या मध्यरेषेच्या बरेच खाली. वरचा सगळा प्रदेश कपाळाचा. जबडा वाढतो, दात येतात, नाकाचे हाड उंचावते, आणि वर्षागणिक चेहरा जणू खालच्या दिशेने उलगडत जातो. म्हातारपणी हाच प्रवास थोडासा उलटतो. दात गेले की जबड्याचे हाड झिजते, हनुवटी नाकाकडे सरकते, तोंड आत बसते. नाकाचा शेंडा उतरतो, कानाची पाळी लोंबते, डोळ्यांच्या खोबणी स्पष्ट होतात. म्हणजे वार्धक्य प्रथम हाडांत घडते आणि मग कातडीवर दिसते. तरुण चेहऱ्यावर सुरकुत्यांच्या रेघा ओढल्या म्हणजे म्हातारा झाला, अशी समजूत असलेले चित्रकार नाटकातल्या रंगवलेल्या म्हाताऱ्यासारखी माणसे निर्माण करतात. उलट बाजूची चूकही तितकीच सर्रास दिसते. मुलाच्या गालावर, नाकाच्या बाजूला एक रेघ जास्त पडली की ते मूल चाळिशीचे होते.

ड्यूररने या गोष्टींचा अभ्यास आयुष्यभर केला. मानवी शरीराच्या प्रमाणांवर त्याने चार भागांचा ग्रंथ लिहिला. त्यात स्त्री-पुरुषांबरोबर बालकाचीही मापे आहेत. ६ एप्रिल १५२८ रोजी तो वारला आणि त्यानंतर त्याच वर्षी तो ग्रंथ प्रसिद्ध झाला. मापे ठाऊक असूनही त्याची बाळे फारशी वठत नाहीत, हे मात्र सांगितले पाहिजे. त्याच्या काही चित्रांतील बाळ येशू इतका भरदार आणि पोक्त आहे की मरियेच्या हातांची कीव यावी. धर्मचित्रांची अडचण येथे आड आली असेल. जगाचा तारणारा दाखवायचा म्हणून बालकाच्या अंगी प्रौढाचे गांभीर्य आणावेसे वाटते. आपल्या घरांतील कितीतरी चौकटींमधून बाळ येशूच्या मानेवर पंचविशीच्या तरुणाचे मुख बसविलेले दिसते, ते याच कारणाने.

परंतु मूल जेव्हा स्वतःच चित्रकार असते तेव्हा काय होते? व्हिएन्नाच्या आल्बर्टिना संग्रहालयात ड्यूररचे १४८४ सालचे आत्मचित्र आहे. त्याचा जन्म २१ मे १४७१ चा, म्हणजे तेव्हा तो अवघा तेरा वर्षांचा होता. आपण मूल असताना आरशात पाहून हे काढले, अशी टीप त्याने मोठेपणी त्यावर घातली आहे. साधन होते चांदीच्या टोकाची लेखणी. हाडांची राख वगैरे घालून केलेला लेप कागदाला द्यायचा आणि त्यावर चांदीच्या तारेने ओढायचे. बारीक करडी रेघ उमटते. या साधनाचा स्वभाव असा की एकदा ओढलेली रेघ सहजी पुसता येत नाही. सोनाराच्या मुलाच्या हाती ते साधन यावे हे स्वाभाविकच, कारण सोनारही नक्षीचे आराखडे असेच काढत. चित्रात बोट दाखविणारा एक हात आहे. दुसरा बाहीत दडलेला, कारण तो खरोखरी रेखाटण्यात गुंतलेला असणार. गाल फुगीर, ओठ किंचित पुढे आलेले, केस कपाळावर. बोट लांबलचक आणि थोडे बेढब झाले आहे. बाहीच्या घड्यांना चेहऱ्यापेक्षा अधिक कष्ट घेतलेले दिसतात. परंतु त्या गालाला एकही फाजील रेघ नाही. तेरा वर्षांच्या मुलाने तेरा वर्षांचा मुलगाच काढला. आपण मोठे दिसावे अशी त्या वयातील स्वाभाविक हौस त्याने बाजूला ठेवली, हे मला त्या चित्रातील कौशल्यापेक्षा जास्त आश्चर्याचे वाटते.

सहा वर्षांनी, १४९० मध्ये, शिकाऊपणा संपवून देशाटनाला निघण्याच्या सुमारास त्याने वडिलांचे तैलचित्र रंगविले. ते फ्लॉरेन्सच्या उफ्फिझीमध्ये आहे. त्याचा जोड म्हणून आईचेही चित्र त्याने केले. न्युरेंबर्गच्या संग्रहालयातील एका स्त्रीचे चित्र हेच ते, असे आता बहुतेक अभ्यासक मानतात. दोघांच्याही हातात जपमाळ आहे. आई तेव्हा अडतीस-एकोणचाळीस वर्षांची. पांढरे शिरोवस्त्र, गुळगुळीत चेहरा, मर्यादशील नजर. चित्र चांगले आहे, पण त्यातून ती बाई आपल्याला भेटत नाही. भेटते ती न्युरेंबर्गमधील एका प्रतिष्ठित सोनाराची पत्नी. वयाची पंधरा वर्षे झालेली असताना चाळिशीच्या पुरुषाशी तिचे लग्न झाले होते, आणि त्या संसारात तिने अठरा मुलांना जन्म दिला. त्यांतील तिघेच मुलगे पुढे प्रौढ झाले. १४९० च्या त्या नितळ चेहऱ्यामागे तोवर किती लहान शवपेट्या गेलेल्या होत्या, याचा रंगाच्या त्या थरांत पत्ता लागत नाही. एकोणीस वर्षांच्या मुलाला तो दिसला नसेल, किंवा दिसला तरी प्रतिष्ठेच्या चित्रात तो दाखविण्याची रीत नव्हती.

येथे एका अडचणीच्या चित्राकडे वळावे लागते. १५०६ मध्ये इटलीत असताना ड्यूररने बारा वर्षांचा येशू आणि शास्त्री हे चित्र केले. ते आता माद्रिदमध्ये आहे. लूककृत शुभवर्तमानातील हा प्रसंग आपणा सर्वांच्या परिचयाचा. आपण हे पाच दिवसांत केले, असे त्याने चित्रातील एका कागदाच्या चिठ्ठीवर लॅटिनमध्ये नोंदवले आहे. चौकटीत गर्दी इतकी की श्वास कोंडावा. मध्यभागी हातांचा एक गुंता आहे. मुलाचे कोवळे हात मुद्दे मोजीत आहेत आणि त्यांच्यात शिरू पाहणारे एका म्हाताऱ्याचे गाठाळ हात. त्या म्हाताऱ्याचा चेहरा मात्र चेहरा राहिलेला नाही. उरलेले दात, आत गेलेले तोंड, पुढे आलेली हनुवटी यांचे ते विद्रूप चित्र आहे. लिओनार्दोने रेखाटलेल्या विकृत मुखांचा हा परिणाम असावा असे अनेकांनी म्हटले आहे. ते असेल किंवा नसेल. माझी तक्रार वेगळी आहे. येथे वार्धक्याचा उपयोग शिवीसारखा केलेला आहे. तारुण्य म्हणजे सत्य, म्हातारपण म्हणजे हट्ट आणि अज्ञान, असे समीकरण मांडून चित्रकार मोकळा होतो. शिवाय ते शास्त्री यहुदी आहेत, आणि विरूप यहुदी मुखांची युरोपीय चित्रकलेतील परंपरा पुढे कोणत्या वळणाला गेली हे आज आपल्याला ठाऊक आहे. लूकच्या वृत्तांतातील शास्त्री तर त्या मुलाची उत्तरे ऐकून थक्क झालेले आहेत; त्यांच्यात दुष्टपणा कोठे आहे? हातांची रचना अप्रतिम आहे म्हणून हे चित्र गौरविले जाते, आणि ते योग्यच आहे. तथापि वृद्ध माणसाविषयी त्यात लेशमात्र कुतूहल नाही.

आठ वर्षांनी त्याच हाताने आईचे चित्र काढले. आता तेच दात गेलेले तोंड आणि तीच वर आलेली हाडे आहेत. १५०६ च्या म्हाताऱ्याचे सगळे घटक येथे हजर आहेत. मग हा चेहरा विद्रूप का वाटत नाही? माझ्या मते याचे उत्तर रेघेच्या वजनात आहे. विद्रूप चित्रात प्रत्येक रेघ एकाच दिशेने ओरडत असते. आईच्या चित्रात कोळसा जागोजागी वेगळा वागतो. डोक्यावरचे वस्त्र मोठ्या, सैल, जवळजवळ घाईच्या फटकाऱ्यांनी उरकले आहे. कपाळापाशी येताच हात मंदावतो. डोळ्यांभोवती तर तो चाचपडतो. गळ्याजवळची हाडे आणि शिरा यांची नोंद एखाद्या वैद्याने करावी तशी आहे. ओठांची रेघ मात्र वैद्याची नाही. ते ओठ दुखणे गिळणाऱ्या माणसाचे आहेत, आणि ते तसे ओळखायला त्या घरात राहिलेले असावे लागते. डोळा वाकडा आहे तो वाकडाच ठेवला आहे. सरळ करणे किती सोपे होते! समोरून न काढता थोडी बाजू बदलली असती तरी तो झाकता आला असता.

या चित्राच्या बरोबरीने वाचावा असा एक मजकूर आहे. ड्यूररच्या आठवणींच्या वहीतील जे एक पान उरले आहे त्यात आईच्या मृत्यूचे वर्णन येते. वडील १५०२ मध्ये वारले. दोन वर्षांनी त्याने आईला आपल्या घरी आणले. १५१३ च्या एप्रिलमध्ये एका पहाटे ती एकाएकी अत्यवस्थ झाली. खोली आतून बंद, तिला उठवेना, तेव्हा दार फोडून तिला खाली आणले आणि तिला साक्रामेंते दिली गेली. त्यानंतर ती वर्षभराहून अधिक जगली, पण दुखणे गेले नाही. ती सदा चर्चला जाई, मुलांच्या वागण्याची चिंता करी, चुकले तर रागावे, आणि तो घरातून बाहेर निघाला किंवा परत आला की ख्रिस्ताचे नाव घेऊन त्याला आशीर्वाद देई. मृत्यूचे तिला भय होते, देवापुढे जाण्याचे नव्हते, असेही तो लिहितो. शेवट कठीण गेला. तिला काहीतरी भयंकर दिसले असावे असे त्याला वाटले, कारण बराच वेळ अवाक् असताना तिने पवित्र पाणी मागितले. आणि मग तो लिहितो की मेल्यावर तिचा चेहरा जिवंतपणी होता त्याहून कितीतरी गोड दिसत होता.

या शेवटच्या वाक्यापाशी मी प्रत्येक वेळी थांबतो. युरोपातील पहिल्या प्रतीचा रेखाटनकार आईच्या शवापाशी बसलेला आहे, तिचा चेहरा निवलेला आणि सुंदर झालेला आहे, आणि ते त्याच्या ध्यानात आले आहे. त्या गोड चेहऱ्याचे चित्र मात्र आपल्यापर्यंत आलेले नाही. आलेला आहे तो प्रायश्चित्तकाळातला ओढलेला, दुखणाईत, वाकड्या डोळ्यांचा चेहरा. आणि मृत्यूची नोंद करायला त्याने तोच कागद पुन्हा हाती घेतला. आता तरी थोडे सौम्य करावे, एखादी वळी पुसावी असे मनात आले असते तर कोळसा काही चांदीची लेखणी नव्हे. बोटाने पुसला जातो. त्याने शाई घेतली, तारीख लिहिली आणि चेहऱ्याला हात लावला नाही.

यावर आक्षेप घेता येतो आणि तो हलका नाही. आजारी माणसाला आपले रूप इतरांनी पाहू नये असे वाटण्याचा हक्क आहे. त्या बाईंना विचारले होते काय? पाचशे वर्षे लोक तिच्या गळ्याची हाडे न्याहाळीत आहेत; तिची संमती कोठे आहे? हा प्रश्न मला पुस्तकात भेटला नाही, घरात भेटला. माझी आई शेवटच्या दुखण्यात असताना माझ्या धाकट्या भावाने तिचा फोटो घेऊ दिला नाही. "दादा, आईला असं नको ठेवूस," एवढेच तो म्हणाला, आणि मी यंत्र पिशवीत घातले. पुढे मासिक स्मृतीच्या मिस्सेसाठी फोटो हवा होता म्हणून एका लग्नातील समूह-छायाचित्रातून तिचा चेहरा वेगळा काढून मोठा करायला दिला. फोटोवाल्याने तो मोठा केला आणि आपणहून साफही केला. सुरकुत्या गेल्या, डोळ्यांखालची काळी वर्तुळे गेली, कपाळावरची लहानपणची खोकही गेली. घरी आणल्यावर मावशीने चष्मा लावला, बराच वेळ पाहिले आणि विचारले, "बाबू, ही कोण रे?" तो फोटो आजही दिवाणखान्यात आहे. त्याला हार घातला जातो. मावशी कधी त्याच्यापुढे उभी राहिली नाही.

भाऊ चुकला होता असे मी म्हणणार नाही. त्याला तिच्या लाजेची राखण करायची होती, आणि राखण करणे हेही मुलाचे काम आहे. पण एक फरक या दोन घटनांनी माझ्या लक्षात आणून दिला. फोटो न घेणे म्हणजे मौन, आणि मौनाला स्वतःचा आदर असतो. साफ केलेला फोटो मात्र मौन पाळीत नाही. तो दुसऱ्याच कोणाला आईच्या जागी आणून बसवितो. अलीकडे तर फोटोवाल्याकडे जाण्याचीही गरज उरलेली नाही. अनेक मोबाईल फोन न विचारताच त्वचा नितळ करून दाखवितात. आपल्या घराघरांतील आज्या आता अशाच साठविल्या जात आहेत, आणि आणखी पन्नास वर्षांनी त्यांची नातवंडे त्यांना कशी ओळखतील, हा प्रश्न मला चित्रकलेपुरता वाटत नाही. चौथी आज्ञा आईवडिलांचा मान राखायला सांगते. त्यांचे वय लपवा असे ती कोठे सांगत नाही.

ड्यूररच्या बाबतीत संमतीचा प्रश्न अनुत्तरितच राहणार. चित्रातून एवढेच दिसते की ती बसली होती. मान ताठ ठेवून, ओठ मिटून, मुलाला वेळ देत बसली होती. आजारी बाईला तसे बसणे सोपे नव्हते. ते तिने स्वतःहून दिले असावे असे मला वाटते. मात्र हा माझा तर्क आहे.

बालपण आणि वार्धक्य यांना खुणा असतात; चित्रकाराची खरी कसोटी मधल्या वयात लागते. चाळिशी-पंचेचाळिशीचा चेहरा म्हणजे ना कळी ना सुकलेले फूल. ड्यूररच्या पत्नीची, आग्नेसची, रेखाटने या दृष्टीने पाहण्यासारखी आहेत. १४९४ मध्ये त्यांचे लग्न झाले, त्या वर्षीचे एक झटपट केलेले लेखणीचे रेखाटन आल्बर्टिनात आहे. हातावर डोके टेकून पेंगुळलेली ती मुलगी, आणि खाली 'माझी आग्नेस' अशा अर्थाचे दोन शब्द. १५१९ मध्ये त्याने संत अ‍ॅनाचे चित्र केले, त्यासाठी नमुना म्हणून आग्नेसलाच बसविले असे मानतात. या दांपत्याला मूल नव्हते. निपुत्रिक स्त्रीला येशूच्या आजीच्या जागी बसविताना नवऱ्याच्या मनात काय आले असेल, यावर अंदाज बांधण्यात अर्थ नाही. पण तिच्या जड झालेल्या पापण्या आणि हनुवटीखालची थोडी सैल मांसलता त्याने टाळलेली नाही. १५२१ मध्ये नेदरलँड्सच्या प्रवासात त्याने तिला पुन्हा रेखाटले. त्या चित्रावरील नोंद मला फार बोलकी वाटते. आईच्या चित्रावर तो वय लिहितो. पत्नीच्या चित्रावर तिचे वय लिहीत नाही, तर लग्नाला सत्तावीस वर्षे झाली हे लिहितो. मध्यमवयीन चेहऱ्याचे वय त्याने तिच्या एकटीच्या हिशेबात न मांडता दोघांच्या खात्यावर मांडले. ड्यूररच्या मित्राने पुढे आग्नेसविषयी फार कडवट लिहिले आणि ती कजाग म्हणून तिची अपकीर्ती झाली. त्या बोलण्यापेक्षा मी या चित्रावर अधिक विश्वास ठेवतो.

याच सुमाराची आणखी दोन म्हाताऱ्यांची चित्रे. १५१६ मध्ये त्याने आपले गुरू मिखाएल वोल्गेमुट यांचे चित्र रंगविले. बाकदार नाक, तीक्ष्ण डोळे, कातडी हाडाला लागलेली, वय ८२. येथेही त्याने मागाहून भर घातली की ते १५१९ पर्यंत जगले आणि संत आंद्रियाच्या सणाच्या दिवशी सूर्योदयापूर्वी वारले. चित्र पूर्ण झाल्यावरही त्याची वही बंद होत नसे, असे दिसते. आणि १५२१ मध्ये अँटवर्पला त्याला एक ९३ वर्षांचा म्हातारा भेटला. हाताने डोक्याला आधार देऊन बसलेला, डोळे खाली, दाढी पाण्यासारखी वाहत छातीवर आलेली. राखी कागदावर कुंचल्याने, पांढऱ्याच्या बारीक स्पर्शांनी केलेले हे काम आल्बर्टिनात आहे. एवढे वय असूनही हा माणूस निरोगी आहे, असे त्याने कौतुकाने लिहिले आहे. १५०६ च्या त्या विद्रूप म्हाताऱ्यापासून हा किती दूरचा! या रेखाटनावरून त्याने संत जेरोमचे चित्र रंगविले. रेखाटनात खाली असलेले डोळे चित्रात थेट आपल्याकडे पाहतात आणि संताचे बोट कवटीवर टेकलेले आहे. माझे मत विचाराल तर रेखाटन श्रेष्ठ. रंगीत चित्रात म्हाताऱ्याला उपदेशाच्या कामाला लावले आहे, कागदावर तो नुसता म्हातारा असण्यास मोकळा आहे.

हे संत जेरोमचे चित्र ड्यूररने अँटवर्पमधील पोर्तुगीज व्यापारी प्रतिनिधी रॉद्रिगो फर्नांदेश द आल्मादा याला भेट दिले आणि आज ते लिस्बनला आहे. हे पोर्तुगीज आपल्या किनाऱ्याशी व्यापार करणारे. गोवे त्यांच्या ताब्यात येऊन तेव्हा अकरा वर्षे झाली होती, वसई मिळायला तेरा वर्षे अवकाश होता. ड्यूररच्या प्रवासाच्या रोजनिशीत या मित्रांनी दिलेल्या भेटींमध्ये आपल्याकडचे नारळही येतात. याच प्रवासात तो लूथरच्या शिकवणुकीकडे किती ओढला गेला होता तेही त्या रोजनिशीत दिसते. ते वाचकांपासून लपविण्याचे काही कारण नाही. जपमाळ घेतलेली आई आणि लूथरसाठी हळहळणारा मुलगा एकाच घरातले होते.

आपल्या समाजातही व्यक्तिचित्रणाचा वारसा आहे. गोव्यात जन्मलेले आणि मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकून तेथेच शिकविणारे आंतोनियो झेवियर त्रिंदाद (१८७०–१९३५) यांनी मागणीनुसार प्रतिष्ठितांची चित्रे केली, तशी घरातल्या माणसांचीही केली; त्यांच्या व त्यांच्या कन्या आंजेला यांच्या कामाचा संग्रह पणजीत पाहायला मिळतो. तेथे जाणाऱ्याने घरच्यांची चित्रे आणि गिऱ्हाइकांची चित्रे शेजारी ठेवून पाहावीत. पैसे देणाऱ्याचे वय रंगविताना आणि पत्नीचे वय रंगविताना कुंचला एकसारखा चालतो का, हे ज्याचे त्याने ठरवावे.

त्या वाचक-मंडळातील बाई आता हयात नाहीत. त्यांच्या प्रश्नाचे उत्तर त्यांना द्यायचे राहिले. आज विचारले असते तर मी म्हणालो असतो की हात चालला नाही, ठिकठिकाणी अडला. डोळ्यांपाशी तर फारच. अडला ते कागदावर दिसते. मग मी त्यांना ते वस्त्र दाखविले असते, डोक्यावरचे. ते पुरते काढलेलेच नाही. चेहरा झाल्यावर कोळसा चार-दोन वेळा खाली ओढून तो थांबला आहे, कदाचित तिला आता बसवेना म्हणून.